बॉस्टनला गेलेला मुलगा

“एकालाच,” प्रोफेसर गांदोल्फी म्हणाले आणि चष्मा काढून टायच्या टोकाने पुसू लागले. “शिफारस मी एकालाच देणार. एका लॅबमधून दोन नावं गेली की ती दोन्ही बाजूला पडतात, हे मी आजवर पाहत आलोय. कोणी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यात ओढू नका.”

एल्वियोने मार्त्सियाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर पाविया शहराचं नोव्हेंबरातलं धुकं होतं, म्हणजे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

दोघंही स्नायूंच्या एका आजारावर काम करत होते. हा आजार लहान मुलांना होतो. धावायला शिकलेलं पोर हळूहळू जिना चढेनासं होतं आणि दहा-बारा वर्षांचं होईतो खुर्चीला खिळतं. तोच आजार घेऊन जन्मणारे उंदीर एल्वियोने कित्येक वर्षं खपून तयार केले होते. त्यांच्यावर काय करून बघायचं, हे डोकं मार्त्सियाचं. लॅबमध्ये सगळे म्हणायचे, एल्वियोचे हात आणि मार्त्सियाचं डोकं मिळून एक शास्त्रज्ञ होतो. दोघं खाटकाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहत होते आणि लग्न उन्हाळ्यात करायचं की त्याच्या पुढच्या, एवढाच वाद उरला होता.

फेलोशिप मिलानमधल्या एका प्रतिष्ठानाची होती. दरवर्षी काही निवडक तरुणांना ते परदेशी पाठवत. दोन वर्षं बाहेरच्या नामांकित लॅबमध्ये काढायची आणि मग परत येऊन इथे स्वतःचं काम उभं करायचं. घरच्या लॅबमध्ये वर्षावर्षाच्या करारावर कुजण्यातून सुटायची तीच एक वाट होती. अट मात्र कडक होती. डॉक्टरेट होऊन ठरावीक वर्षं उलटली की अर्ज करता येत नसे. एल्वियोचं हे शेवटचं वर्ष होतं. मार्त्सियाला अजून दोन वर्षं हाती होती.

संध्याकाळी दोघं तिचिनो नदीवरच्या छपराच्या पुलावरून घरी निघाले. अर्ध्या पुलावर मार्त्सिया थांबली.

“तू गेलास तर इथं काय होईल सांगू? महिन्याभरात उंदीर मरतील. मला ती पिल्लं हातात धरवत नाहीत, तुला माहितीये.”

“शिकशील.”

“नाही शिकणार. आणि बॉस्टनच्या लॅबमध्ये जागा आहे ना, तिथल्या माणसाला उंदीर सांभाळणारा नकोय, विचार करणारं कुणीतरी हवंय.” हे बोलून तिने लगेच त्याचा हात धरला. “मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“तसंच म्हणायचं होतं. आणि खोटं नाहीये ते.”

मग ती बराच वेळ बोलत राहिली. बॉस्टनची जागा याच वर्षी रिकामी आहे, पुढच्या वर्षी कोण विचारतो. आपण एकदा तिथे पाय रोवले की त्याला बोलावून घेऊ, तिथे गेल्यावर वाटा निघतातच. नाहीच निघाल्या तर आपण परत येऊ आणि तिसऱ्या वर्षी दोघांची मिळून लॅब असेल. एल्वियो ऐकत होता. त्याचं शेवटचं वर्ष आहे हे त्याला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. त्याला वाटत होतं की ती स्वतः होऊन ती गोष्ट काढेल, मग आपण म्हणू की जाऊ दे. पूल संपला तरी तिने ती काढली नाही. घराच्या दारात किल्ली शोधताना तो म्हणाला, “जा तू,” आणि तिने त्याला इतकं घट्ट धरलं की खालच्या खाटकाने काचेतून पाहून टाळ्या वाजवल्या.

रविवारी तो मोर्तारा गावी वडिलांकडे गेला. अत्तिलिओंचा सारा जन्म भाताच्या गिरणीत गेला होता. बायको वारल्यापासून ते एकटे राहत आणि रविवारी मुलगा आला की हंसाच्या मांसाचं सॉसेज घालून रिसोत्तो, म्हणजे लोण्यातला मऊ भात, करत. एल्वियोने सगळं सांगितलं तेव्हा ते भात ढवळत होते. ढवळायचे थांबले नाहीत.

“म्हणजे पोरगी अमेरिकेला आणि तू उंदरांमागं.”

“बाबा, ते माझे उंदीर आहेत. मी केलेत ते.”

“गाई असत्या तर निदान दूध तरी मिळालं असतं, लेका.”

एवढं बोलून त्यांनी गॅस बंद केला, भातात लोणी घातलं आणि ताटं वाढली. जेवताना ते मुलाच्या हातांकडे बघत होते. त्या दिवसानंतर फेलोशिपचा विषय त्यांनी घरात काढला नाही.

विमानतळावर मार्त्सिया खूप रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे एल्वियोने पुढेही कधी नाकारलं नाही.

ती गेली आणि एल्वियो उंदरांच्या खोलीचा झाला. तळघरातल्या त्या खोलीला एकामागे एक दोन दारं होती. पहिल्या दारापाशी फोन, घड्याळ, पट्टा सगळं कपाटात ठेवायचं, अंगावर झगा आणि तोंडावर पट्टी चढवायची, मग आत. अत्तराचा वाससुद्धा चालत नसे, म्हणून त्याने दाढीनंतरचं लोशन सोडलं. आत नुसती पंख्यांची घरघर आणि पिंजऱ्यांची रांग. कोणाची पिल्लं आईपासून वेगळी करायची, कोणाची जोडी लावायची, कोणाला तारेला लोंबकळायला लावून पायांची ताकद बघायची, हे त्याच्याशिवाय कोणाला कळत नव्हतं. नाताळ आला तरी उंदीर खायचे थांबत नाहीत. ऑगस्टात सगळं शहर सुट्टीला समुद्रावर जायचं तेव्हाही तो तळघरात असायचा. मोर्ताराच्या फेऱ्या कमी झाल्या. सणाला तर जाणं व्हायचंच नाही. फोनवर वडील म्हणायचे, बरं आहे, माझं चाललंय, तू तुझं बघ. क्वचित गेलाच तर दोघं घरातच बसायचे. पूर्वी वडील त्याला जेवणानंतर चौकातल्या बारमध्ये घेऊन जात, मित्रांत मिरवत. आता म्हणायचे, गुडघे दुखतात.

मार्त्सियाचा फोन रविवारी यायचा. तिला स्नायूंचे तुकडे लागायचे. ते तो कापून, गोठवून, कोरड्या बर्फात घालून बॉस्टनला पाठवायचा. त्या तुकड्यांवर तिने जे शोधलं ते एका मोठ्या शास्त्रीय मासिकात छापून आलं. लेखकांच्या गर्दीत मध्येच कुठेतरी एल्वियोचं नाव होतं. त्याने वाईनची बाटली आणली, लॅबमध्ये सगळ्यांना थोडी थोडी दिली. त्याच वसंतात त्याची अर्ज करायची मुदत कायमची संपली. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. त्याने स्वतःही त्या दिवशी पिल्लं वेगळी केली, शेपट्यांवर खुणा केल्या आणि घरी गेला.

दुसऱ्या वर्षीच्या एका रविवारी ती म्हणाली, आपण एकमेकांना असं बांधून ठेवणं बरं नाही. त्याने विचारलं, दुसरं कोणी आहे का. ती म्हणाली, तो प्रश्नच नाही. म्हणजे होतं. मग त्याच फोनवर तिने नरांच्या पिंजऱ्यांची चौकशी केली. पुढचे तुकडे महिनाअखेर मिळतील का?

मिळतील, तो म्हणाला. आणि पाठवले.

त्याच्या जागी दुसरा असता तर त्याने सगळे पिंजरे उघडून दिले असते, असं लॅबमधली मंडळी बोलत. एल्वियोला ते सुचलंसुद्धा नाही. ते उंदीर मार्त्सियाचे आहेत असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. शिवाय दर वर्षी करार वाढवताना गांदोल्फी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, ती परत आली की तिचा गट उभा राहील, तेव्हा तुझ्याशिवाय कोणाचा नंबर लागणार? प्रेम गेलं होतं, पण नंबर राहिला होता. माणूस कशावर तरी दिवस काढतोच.

तिसऱ्या वर्षी मार्त्सिया परत आली. संस्थेच्या मोठ्या सभागृहात तिचा सत्कार झाला. संचालक म्हणाले, आपली मुलं बाहेर जातात आणि शिकून घरी येतात, हेच आपलं यश. एल्वियोने मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. तिला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आणि माणसं घ्यायला पैसे मिळाले. गांदोल्फी निवृत्त झाले.

आठवड्याने तिने त्याला उपाहारगृहात बोलावलं. केस कापले होते, थोडी बारीक झाली होती. दोघांची कॉफी तिनेच आणली. त्याला साखर दीड चमचा लागते हे ती विसरली नव्हती.

“तीन जागा आहेत,” ती म्हणाली. “त्यातली एकही तुला देता येणार नाही. तुला हे बाहेरून कळू नये म्हणून मीच सांगतेय.”

“का?”

“बाहेरच्या देशात काम केलेलीच माणसं घ्यायची असं ठरलंय. निदान दोन वर्षं तरी.”

“कुणी ठरवलं?”

तिने चमचा बशीत ठेवला. “मी.”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी मोठ्याने हसलं. तिने ते हसणं संपू दिलं.

“राग मानू नकोस. तुझ्या हाताबद्दल कुणाचं दुमत नाही. पण तू आयुष्यभर एकच लॅब पाहिलीस, एकाच माणसाच्या हाताखाली. मला चार ठिकाणचं पाणी प्यायलेली माणसं पाहिजेत. उद्या मला कुणी विचारलं की याला का घेतलंस, तर मी काय सांगू? तू बाहेर गेलाच नाहीस, एल्वियो.”

“नाही गेलो,” तो म्हणाला.

तो थांबला. उरलेलं ती म्हणेल म्हणून त्याने तिला वेळ दिला. तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“आणि उंदरांचं. तिकडून नवी जात येतेय, आपल्या या उंदरांपेक्षा आजार तिच्यात स्वच्छ दिसतो. दोन्ही एका खोलीत ठेवता येत नाहीत, तुला माहीतच आहे, एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. जुन्यांचं बीज गोठवून ठेवलंयस ना?”

“ठेवलंय.”

“मग खोली महिनाअखेर रिकामी लागेल. ते तूच करशील? दुसरं कुणी नीट करणार नाही. उगाच हाल करतील त्यांचे.”

त्याने कॉफी संपवली आणि करतो म्हणाला. त्याचा स्वतःचा करारही महिनाअखेरच संपत होता. त्याबद्दल तिने विचारलं नाही. कदाचित तिला माहीत नसेल.

तो गांदोल्फींकडे गेला. ते आता पो नदीपल्याडच्या टेकड्यांवर राहत होते आणि द्राक्षांची छाटणी करत होते. त्यांनी हातातली कात्री खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी तुला राहा असं कधी म्हणालो होतो का? आठवून बघ. मी म्हणालो, तुमचं तुम्ही ठरवा.” एल्वियोने आठवून बघितलं. ते खरंच होतं. निघताना प्रोफेसरांनी त्याला घरच्या वाईनच्या दोन बाटल्या दिल्या आणि मार्त्सियाला नमस्कार सांगायला सांगितलं.

खोली रिकामी करायला त्याने घाई केली नाही. रोज थोडे पिंजरे घ्यायचा. पेटीत वायू हळूहळू सोडायचा. भस्सकन सोडला की जनावर घाबरतं, हळू सोडला की ते आधी झोपतं. त्यातले पुष्कळसे तसेही धड चालू शकत नव्हते. मागचे पाय ओढत ते त्याच्या हातमोज्यावर चढायचे, कारण हा हात म्हणजे खाणं, एवढंच त्यांना जन्मल्यापासून ठाऊक होतं. तो एकेकाची मान तपासून खात्री करून घ्यायचा. मागे एकही अर्धवट राहू नये, हा त्याचा नेम होता.

शेवटच्या दिवशी शेवटची रांग संपवून, पिंजरे धुवायला टाकून, फरशी पुसून तो बाहेर आला. कपाटातून फोन काढला. मोर्ताराच्या शेजारणीचे आणि इस्पितळाचे मिळून बरेच फोन येऊन गेले होते. सकाळी पाव आणायला निघालेले अत्तिलिओ जिन्यात कोसळले होते. शुद्ध होती तोवर मुलाला बोलवा म्हणत होते. शेजारीण फोन लावत राहिली. एल्वियोने इस्पितळात फोन केला तेव्हा तिथल्या बाईने आधी नाव विचारलं, मग नातं विचारलं, आणि मग डॉक्टरांना फोन देते म्हणाली.

अंत्यविधीला माणसं बरीच होती. गिरणीतले जुने कामगार इस्त्रीचे कोट घालून आले होते. मार्त्सियाही पावियाहून गाडी घेऊन आली. उंची काळा कोट, हातात फुलं. “मला ते आवडायचे,” ती म्हणाली. “रिसोत्तो वाढताना मला नेहमी जास्त वाढायचे.” एल्वियोने मान हलवली. तेही खरं होतं.

दफनभूमीतून परतताना म्हाताऱ्यांनी त्याला चौकातल्या बारमध्ये नेलं. अत्तिलिओच्या नावाने एकेक पेला घ्यायचाच, असा त्यांचा आग्रह होता. मार्त्सिया निघते म्हणत होती, पण एवढ्या लांबून आलेल्या बाईला कोरडं कसं पाठवायचं, म्हणून तिलाही आत ओढलं. रेमो नावाचा गिरणीतला जुना मित्र होता, अत्तिलिओंचा जन्मभराचा सोबती. त्याने पेले भरले आणि एल्वियोच्या समोर खुर्ची ओढून बसला.

“मग, कधी उतरलात?”

“कुठून?”

“बॉस्टनहून हो. नाहीतर कुठून?” रेमो बाकीच्यांकडे बघून हसला. “थकलेत बिचारे. विमानातून उतरले ते थेट बापाच्या मातीला.”

एल्वियोला काही कळेना. पण रेमो थांबणाऱ्यांतला नव्हता. तो सांगत राहिला, आणि इतर म्हातारे मध्ये मध्ये भर घालत राहिले. तीन वर्षं अत्तिलिओ रोज याच टेबलाशी बसून पोराचं सांगायचा. मोठी फेलोशिप मिळाली, साऱ्या लोम्बार्दी प्रांतातून एकालाच मिळते. नाताळला येत नाही कारण तिकडं लहान मुलांचे पाय बरे करायचं काम चालतं, ते सोडून कसा येईल. त्याच्या हातून तिकडची पोरं उठून पळायला लागलीत म्हणे. ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं होतं, रेमो म्हणाला. आम्ही चिडवायचो, की पोरगा एवढा मोठा झालाय तर एकदा दाखव तरी. तर म्हणायचा, आला की आणतो.

बारच्या दाराशी उभी असलेली मार्त्सिया ऐकत होती. तिच्या हातातला पेला तोंडापर्यंत जाऊन थांबला होता.

एल्वियो पायाशी बघत होता. बुटांना दफनभूमीची माती लागली होती. गुडघ्यांचं दुखणं काय होतं ते त्याला आता कळलं. वडील रविवारी खिडकीचा पडदा का ओढून घेत आणि स्टेशनवर सोडायला मागच्या गल्लीने का नेत, तेही कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हाताऱ्यांनी ते बापाच्या दुःखाच्या खात्यात जमा करून नजर वळवली.

“परवा,” तो म्हणाला. “परवा उतरलो.”

“थंडी असेल तिकडं.”

“नदी गोठते,” एल्वियो म्हणाला. मार्त्सियाने कधीतरी फोनवर सांगितलेलं त्याला शब्द न् शब्द आठवत होतं. “आधी काठ गोठतो. मग एका सकाळी बघावं तर सगळी पांढरी. माणसं त्यावरून चालत पलीकडे जातात, कुत्री घेऊन.”

“आणि त्या पोरांचं खरंय का? पाय बरे होतात?”

“काहींचे होतात,” तो म्हणाला. “सगळ्यांचे नाही होत अजून.”

म्हाताऱ्यांनी समाधानाने माना डोलावल्या. अत्तिलिओने थोडं वाढवून सांगितलं असेल हे त्यांना अपेक्षितच होतं, बाप आहे शेवटी. मग रेमोचं लक्ष दाराशी गेलं.

“आणि या बाई? याही तिकडच्याच का?”

मार्त्सियाने पेला खाली घेतला. ती बोलायला लागणार होती. एल्वियो तिच्याआधी बोलला.

“नाही. ही इथंच होती. मी नव्हतो तेव्हा माझे उंदीर हिनंच सांभाळले.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानेही नजर काढली नाही. गोतावळ्यातल्या माणसाची ओळख करून द्यावी इतक्या साध्या आवाजात तो बोलला होता, आणि आता तितक्याच साधेपणाने उत्तराची वाट बघत होता.

“हो ना, मार्त्सिया?”

कॉफीच्या यंत्राने वाफ सोडली. बारवाला पाठमोरा पेले पुसत होता.

“हो,” ती म्हणाली.

रेमो मनाचा हळवा होता. तो उठून तिच्यापाशी गेला आणि त्याने तिच्या उंची कोटाच्या बाहीवर आपला जाडजूड हात ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नका, बाई,” तो म्हणाला. “सगळ्यांनाच कुठं जायला मिळतं.”

त्याने तिच्या पेल्यात काठोकाठ वाईन ओतली. ती सांडू नये म्हणून तिला पेला दोन्ही हातांनी धरावा लागला, आणि रेमो समोरून हलेना म्हणून तिथेच उभ्याने प्यावी लागली. एका म्हाताऱ्याला गोठलेल्या नदीखाली माशांचं काय होतं ते जाणून घ्यायचं होतं. एल्वियोने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.